मावशीचे कानमंत्र: पाळी जाते, पहारा राहू दे

बयो,

सत्तेचाळिशी ओलांडलीस. तीन महिने पाळीचा पत्ता नाही, मधूनच कानशिलं तापतात, आणि यंदा सर्दी-खोकल्यानं तुझ्या घरी मुक्कामच ठोकलाय. फोनवर तू हे सगळं 'स्ट्रेस'च्या नावावर टाकून मोकळी झालीस. मी जन्मभर नर्सची नोकरी केली, मला एवढ्यावर गप्प बसवत नाही.

आधी थोडं समजून घे, मग कानमंत्र. आपल्या अंगात पांढऱ्या पेशींचा पहारा असतो आणि त्याला बरेचसे हुकूम हार्मोनांकडून जातात. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. नवे पहारेकरी तिथंच शिकून तयार होतात, हे जॅक मिलर या संशोधकानं १९६१ साली लंडनमध्ये उंदरांवर दाखवलं. तोवर ती ग्रंथी बिनकामाचीच समजायचे. ती मोठी असते वयात येताना, आणि आपल्याला वयात आणणारी हार्मोनंच पुढे तिला आकसायला लावतात. तिच्या जागी हळूहळू चरबी भरते. म्हणजे पन्नाशीला नवी भरती अगदी थोडी, सगळी भिस्त जुन्यांवर. त्यात इस्ट्रोजेन उतरलं की हे जुने पहारेकरी नको तिथं आरडाओरडा करतात आणि खरा चोर आला की उशिरा उठतात. संसर्ग लवकर होतो, शिवाय अंगात एक बारीक धग कायम राहते ती वेगळीच. सांधे, हाडं, रक्तवाहिन्या, सगळ्यांना ती जाळते.

म्हणून 'इम्युनिटी वाढवणारं' म्हणून जे जे बाटलीत मिळतं त्याच्या नादी लागू नकोस. पहाऱ्याला जास्त ओरडायला लावून काय करायचंय? तो शिस्तीत राहिला म्हणजे झालं. आणि शिस्त लागते ती बारीकसारीक सवयींनीच.

१. पाळीची तारीख लिहीत जा, चुकलेलीसुद्धा — सलग बारा महिने आली नाही म्हणजे ती गेली असं धरतात, आणि डॉक्टरीणबाई पहिला प्रश्न तोच विचारणार. त्यानंतर कधीही एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं.

२. बरी असताना आठवडाभर सकाळी ताप मोज आणि तुझा नेहमीचा आकडा थर्मामीटरच्या डबीतच चिठ्ठीवर लिहून ठेव — वय वाढलं की अंग मुळातच थोडं गार राहतं आणि संसर्गातही पारा फारसा चढत नाही. नेहमीपेक्षा २ अंश फॅरनहाइट वर गेला तर तो तापच, मग आकडा ९९ का असेना.

३. रात्रीची सात तास झोप सोडू नकोस — पिट्सबर्गच्या संशोधकांनी १६४ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले होते, तो अभ्यास २०१५ साली छापून आला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका सातपेक्षा जास्त तास झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाला. झोप उधार, खोकला रोख!

४. रात्री अकराला ऑफिसची मेल उघडू नकोस — कॉर्टिसोल हे हार्मोन पहाटे चढतं आणि रात्री उतरतं. रात्रीही ते चढंच राहिलं तर पहारा दाबला जातो.

५. अंगातून निघणाऱ्या गरम वाफांनी झोप मोडत असेल तर सुती कपडे घाल, जेवण लवकर आटप, संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद कर — वाफा पूर्ण थांबणार नाहीत, पण घामानं दचकून उठणं कमी होईल. तेवढ्यानंही भागलं नाही तर औषधं आहेत, सोसत बसायचं नाही.

६. रात्री घाम येतोय, शिवाय वजन उतरतंय आणि खोकला दोन आठवडे हटत नाही, तर थुंकी तपासून घे — पाळी जाण्याच्या वयात प्रत्येक घाम पाळीच्या माथी मारला जातो आणि त्याआड टीबी आरामात वाढतो. साखर असलेल्यांनी तर जास्तच जपायचं.

आता लाजेचा विषय. तुझ्या आईला आणि मला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तुला सांगणार, तू कितीही 'मावशीऽऽ' म्हणालीस तरी. इस्ट्रोजेन असतं तोवर योनीमार्गाच्या अस्तरात साखरेचा एक साठा असतो. त्यावर चांगले जंतू जगतात, ते आंबटपणा तयार करतात, आणि त्या आंबटपणात वाईट जंतूंचं काही चालत नाही. पाळी गेली की अस्तर पातळ होतं, साठा आटतो, चांगले जंतू जातात. मग उन्हाळी लागते. महिन्यात बरी होते, पुढच्या महिन्यात पुन्हा लागते, आणि बायका सब्जा, धण्याचं पाणी, वाळ्याचं सरबत असं करत वर्ष काढतात. लाजेनं गिळलं ते लघवीत जळलं.

७. सहा महिन्यांत दोनदा उन्हाळी लागली तर डॉक्टरीणबाईंना आत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाबद्दल स्वतःहून विचार — ते जागेपुरतं काम करतं, तिथला आंबटपणा परत आणतं आणि संसर्ग खरोखर कमी करतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र तसं आधी सांगायचं.

८. लघवी कल्चरसकट तपासायला दिल्यावरच अँटिबायोटिक सुरू कर — आधी गोळी घेतली तर कोणता जंतू होता तेच कळत नाही.

९. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवू नकोस, शेजारणीला तर मुळीच देऊ नकोस — अर्धवट मारलेला जंतू पुढच्या वेळी त्या गोळीला दाद देत नाही.

१०. प्रवासात बाथरूम नको म्हणून पाणी तोडू नकोस — मुंबई-गोवा हायवेवर स्वच्छ जागा शोधायला अर्धा तास मोडेल, पण अडवून धरलेल्या लघवीत जंतूंना वाढायला सवड मिळते.

११. आई एकाएकी असंबद्ध बोलू लागली, जेवण टाकलं, तोल जायला लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी दाखवा — म्हाताऱ्या माणसात लघवीचा किंवा छातीचा संसर्ग पुष्कळदा असाच पुढे येतो. आजीचा ताप पाऱ्यात कमी, बोलण्यात जास्त.

नागिणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे तिच्यावर काव जास्त लावली जाते आणि औषध कमी. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही, नसांच्या मुळाशी निजून राहतो. पहारा चोख असेतो तो निजलेलाच. पन्नाशीनंतर पहारा ढिला पडला की तो नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. आधी दोन-तीन दिवस एकाच बाजूला आग आग, मग पट्ट्यात फोड. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो असं गावात अजून सांगतात. अगं, ती नस अंगाच्या एकाच बाजूला असते, पुरळ मधली रेघ ओलांडून वेढा घालील कशी? भीती मरणाची नको, मागे राहणाऱ्या कळांची बाळग. फोड सुकल्यावरही महिनोन्महिने पदर लागला तरी ओरडणाऱ्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत.

१२. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू व्हायला हवं — नंतर त्याचा उपयोग घटत जातो. काव, शेण, मंत्र यांत नेमके हेच तीन दिवस जातात.

१३. फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर तासही घालवू नकोस, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा — नजर जाऊ शकते.

१४. फोड उघडे ठेवून कुणा गरोदर बाईजवळ बसू नकोस — ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना त्यातल्या पाण्यातून कांजिण्या होतात.

१५. पन्नाशी पूर्ण झाली की नागिणीची लस घे, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस — २०२३ पासून ही लस भारतात मिळते. महाग आहे, मान्य. पण यंदाची एक पैठणी पुढे ढकल, कपाटातल्या बाकीच्या रुसणार नाहीत.

१६. फ्लूची लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घे आणि जमलं तर सकाळी घे — आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. सकाळचं म्हणशील, तर बर्मिंगहॅममध्ये ६५ वर्षांपुढच्या माणसांवर झालेल्या प्रयोगात सकाळी लस घेतलेल्यांच्या अंगात तीनपैकी दोन जातींच्या विषाणूंविरुद्ध जास्त संरक्षण तयार झालं. लस मेमध्ये, छत्री जूनमध्ये.

१७. आईला न्यूमोनियाची लस दिली का ते विचार, आणि घरातल्या सगळ्यांच्या लशींचे कागद एका पिशवीत ठेव — नातवंडांची कार्डं सापडतात, आजीचं कार्ड कुणी काढलेलंच नसतं.

यापुढचं डोळे उघडे ठेवून वाच. कॉर्टिसोलचाच भाऊ म्हणजे स्टेरॉइड. फिलिप हेंच या डॉक्टरांनी १९४८ साली अमेरिकेत सांधेदुखीनं जखडलेल्या बाईला ते पहिल्यांदा दिलं आणि ती थोड्याच दिवसांत चालायला लागली. १९५० साली त्यांना आणि आणखी दोन संशोधकांना मिळून नोबेल मिळालं. औषध नामीच आहे, कारण ते पहाऱ्याला चूप करतं. पण पहारा चूप झाला की घर उघडं पडतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, महाराष्ट्रानं काळ्या बुरशीचे केवढे रुग्ण पाहिले ते आठवतंय ना? वाढलेली साखर आणि वाजवीपेक्षा जास्त किंवा गरज नसताना घेतलेलं स्टेरॉइड, ही जोडी त्यामागे मोठी होती. जिथं योग्य प्रमाणात दिलं तिथं त्याच औषधानं जीवही वाचवले.

१८. गुडघ्यांवर 'दोन दिवसांत गुण' देणारी बिननावाची पुडी घेऊ नकोस — अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं पुष्कळदा सापडलंय. तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. पुडीचा गुण, हाडांचं ऋण.

१९. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड आपल्या मनानं एकदम बंद करू नकोस — बाहेरून मिळतंय म्हटल्यावर अंग स्वतःचं करणं थांबवतं. एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं.

२०. गजकर्णाला मेडिकलवाल्यानं दिलेलं 'सगळ्यावर चालणारं' मलम लावू नकोस — त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मांडीभर पसरते.

२१. सकाळी बोटांचे छोटे सांधे अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त आखडलेले राहत असतील, मुठी वळत नसतील, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखव — पहारा आपल्याच सांध्यांवर उलटलाय की काय ते तपासायला हवं, आणि हा आजार पाळी जाण्याच्या वयाच्या आसपास बायकांना बरेचदा गाठतो. लवकर औषध मिळालं तर बोटं वाकडी होत नाहीत.

२२. थायरॉइड तपासून घे — देशातल्या आठ शहरांत झालेली पाहणी २०१३ साली छापून आली, तीत मोठ्या माणसांत सुमारे ११ टक्के लोकांचं थायरॉइड मंद निघालं. अंग जड होणं, केस गळणं, उदास वाटणं हे सगळं पाळीच्या नावावर खपतं. पुष्कळांत मूळ तेच, आपल्याच पहाऱ्यानं ग्रंथीवर केलेला हल्ला.

२३. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडची तपासणी करण्याआधी निदान दोन दिवस त्या थांबव, आणि प्रयोगशाळेत तसं सांग — बायोटिनमुळे काही यंत्रं आकडा चुकीचा दाखवतात आणि नसलेल्या आजारावर औषध सुरू होतं.

२४. थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घे. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी — नाहीतर ती शोषलीच जात नाही, आणि मग डोस वाढतोय म्हणून तू डॉक्टरांना नावं ठेवशील.

खाण्यापिण्याचं फार सांगत नाही. तुला कुळथाची पिठी करता येते, एवढं मला पुरे.

२५. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत. मोडाची उसळ, पिठलं, अंडं, बांगडा, काहीही चालेल — पहाऱ्याची हत्यारं प्रथिनांचीच घडतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या हिशेबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज सुमारे ५० ग्रॅम लागतात. एका अंड्यात सुमारे सहाच असतात, आता तू मोज.

२६. उपास कर, पण साबुदाण्याच्या खिचडीवर बटाट्याची भाजी आणि वर राजगिऱ्याचा लाडू, याला उपास म्हणू नकोस — पाळी गेल्यावर चरबी पोटावर साठते, इन्शुलिन नीट चालत नाही आणि साखर चढली की पांढऱ्या पेशी मंदावतात. रक्तात साखर, पहाऱ्याला पेंग.

२७. तीन महिन्यांची सरासरी साखर वर्षातून एकदा तपास, आणि आंघोळीनंतर पायांच्या बोटांच्या बेचक्या पुसून बघ — बायकांना सगळ्यांच्या ताटात काय कमी आहे ते दिसतं, आपल्या पायाची भेग दिसत नाही.

२८. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे घे, रोज तर कधीच नाही — ड हे हार्मोनासारखंच काम करतं आणि पहाऱ्याला लागतं, पण अति झालं की रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंड बिघडतं. काचेआडून घेतलेलं ऊन मोजू नकोस, त्यानं ड तयार होत नाही.

२९. आठवड्यातून दोनदा वजन उचल, बाकीचे दिवस दम लागेल असं चाल — २०१८ साली छापलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ५५ ते ७९ वर्षांच्या १२५ नेमानं सायकल चालवणाऱ्यांची तपासणी केली होती. त्यांचा थायमस तरुणांइतक्याच नव्या पेशी देत होता. सायकल घे असं म्हणत नाही, कोथरूडच्या रहदारीत तर नकोच. दंड भरला तर दवाखाना सरला.

३०. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातवाल्याकडे जा, मशेरीनं दाबू नकोस — तोंडातली सूज रोजच्या रोज रक्तात उतरते आणि ती बारीक धग पेटती ठेवते.

३१. हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे हळदीकुंकवात ठरवू नकोस — २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास धोके दिसले म्हणून मध्येच थांबवला, तेव्हापासून बायका नुसत्या नावानं घाबरतात. आता डॉक्टर वय बघतात. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, वाफा असह्य असतील तर फायदा-तोटा तोलून देतात. फक्त प्रतिकारशक्तीसाठी मात्र घ्यायच्या नसतात.

३२. 'तारुण्याचं हार्मोन' म्हणून इंटरनेटवर मिळणारं डीएचईए मागवू नकोस — विशीतलं डीएचईए सत्तरी-ऐंशीला दहा-वीस टक्क्यांवर येतं हे खरं. पण उतरलेलं सगळं भरून काढलं की तारुण्य येतं असं नाही, आणि त्यानं चेहऱ्यावर केस येऊ शकतात.

३३. कुणी 'पिशवी काढून टाका, कटकट संपेल' म्हणालं तर दुसरं मत घे, आणि बीजकोश ठेवणार की काढणार हे लेखी विचार — बीजकोश काढले की हार्मोन हळूहळू उतरत नाहीत, एका दिवसात तुटतात. वर जे जे सांगितलं ते पस्तिशीच्या बाईला एकदम सोसावं लागतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या किती पिशव्या काढल्या गेल्या, त्याची चौकशी करायला सरकारला २०१९ मध्ये समिती नेमावी लागली. कोयता एक दिवसही थांबू नये म्हणून त्या बायकांनी हे सोसलं. तुला दुसरं मत घ्यायला रजा मिळते, ती घे. आणि घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही हे सांग, त्यांना सांगणारं कुणी नसतं.

३४. हा कागद जावईबापूंना वाचून दाखव — पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का उतरतं, थायमस त्यांचाही आकसतो, नागीण त्यांनाही होते. मात्र जिममधल्या मित्रानं सुचवलेलं 'ताकदीचं' इंजेक्शन ते घेत नाहीत ना, ते बघ — त्यानं रक्त दाट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. विचारशील तेव्हा माझं नाव सांग. मला ते उलट बोलत नाहीत.